धनुष्कोडी आणि १९६४ साली वाहून गेलेली गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामेश्वरला निघालेले लोक आधी देवळाचं विचारतात, मग राहण्याचं, आणि शेवटी हळूच म्हणतात, "ते गाडी बुडाली ते गाव बघायचंय, जमेल का?" तेच ते प्रश्न पुन:पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धनुष्कोडी नेमकं कुठे आहे?

तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, पांबन बेटाच्या आग्नेय टोकाला. रामेश्वर याच बेटावर आहे. देवळापासून धनुष्कोडीचं जुनं गाव साधारण १८ किलोमीटर, आणि तिथून आणखी साडेचार किलोमीटरवर भारताची जमीन संपते. त्या शेवटच्या टोकाला अरिचलमुनै म्हणतात. टोकाकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला बंगालच्या उपसागराची बाजू आणि उजव्या हाताला मन्नारचं आखात. मधली जमीन म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी. नकाशात ही पट्टी एकदा नीट बघून घ्या, पुढची बरीच उत्तरं तिच्यात आहेत.

२. नावाचा अर्थ काय?

तमिळमध्ये 'कोडी' म्हणजे टोक. धनुष्याचं टोक ते धनुष्कोडी. लंका जिंकून परतताना बिभीषणाच्या विनंतीवरून रामाने धनुष्याच्या टोकाने सेतू मोडला, अशी कथा आहे.

३. तिथे झालं काय, थोडक्यात सांगाल?

१७ डिसेंबर १९६४ ला दक्षिण अंदमान समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ वादळ सहसा धरत नाही, हे धरलं. १९ तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं, २२ ला ते सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, वावुनियावरून गेलं आणि त्याच रात्री पांबन बेटावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेल्याचा अंदाज आहे, लाटा ७ मीटरच्या. ७ मीटर म्हणजे दोन मजली घराची उंची, आणि धनुष्कोडीची जमीन समुद्रापेक्षा जेमतेम वर.

त्याच रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी पांबन स्टेशनातून ६५३ क्रमांकाची पांबन–धनुष्कोडी पॅसेंजर निघाली. सहा डबे. धनुष्कोडी काहीशे यार्डांवर असताना समुद्राने गाडी घेतली. मागे कुणी उरलं नाही. गावाचंही तेच झालं: स्टेशन, पोस्ट, शाळा, देऊळ, चर्च, घरं, सगळं एका रात्रीत गेलं. नंतर सरकारने हे गाव राहण्यास अयोग्य ठरवलं.

४. गाडी पांबनच्या पुलावरून समुद्रात पडली ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचा सांगितला जाणारा मुद्दा हाच. त्या रात्री बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वे पूलही मोडला, त्यामुळे दोन गोष्टींची एक गोष्ट होऊन गेली. गाडी पांबनहून, म्हणजे पूल ओलांडल्यानंतरच्या, बेटावरच्याच स्टेशनातून सुटली होती. ती वाहून गेली ती धनुष्कोडीच्या तोंडाशी, पुलापासून वीसेक किलोमीटर पुढे. पुलाचं काय झालं ते प्रश्न १० मध्ये.

याच जातीचा दुसरा गैरसमज म्हणजे गाडी रामेश्वरहून सुटली होती. तेव्हा पांबन जंक्शन होतं. तिथून एक फाटा रामेश्वरला जायचा आणि दुसरा, लांबचा, थेट धनुष्कोडीला. धनुष्कोडीची गाडी रामेश्वरात शिरायचीच नाही. आज फक्त रामेश्वरचा फाटा उरला आहे, म्हणून आपल्याला वाटतं की रेल्वे कायम तिथेच संपायची.

५. तारीख २२ डिसेंबर की २३?

दोन्ही छापलेल्या सापडतील आणि दोन्हींत तथ्य आहे. गाडी २२ च्या रात्री बारा वाजायला पाच मिनिटं असताना सुटली. इंजिन धनुष्कोडीच्या जवळ पोचलं तेव्हा घड्याळाने २३ तारीख लागलेली होती. घरी तिथी पाळणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

६. नक्की किती माणसं गेली?

गाडीतली ११५ : ११० प्रवासी आणि ५ रेल्वे कर्मचारी. हा आकडा तिकिटांवरून निघतो. पॅसेंजर गाडीत विनातिकीट चढणारे असतातच, त्यामुळे काही ठिकाणी दोनशेचा आकडा दिसतो, पण तो अंदाज आहे. संपूर्ण वादळातले मृत्यू सुमारे १,८०० सांगितले जातात. ११५ आणि १,८०० हे दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत. कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर "गाडीत अठराशे माणसं होती" असं पुढे ढकलू नका. सहा डब्यांच्या मीटर गेज गाडीत तेवढी माणसं मावतील का, एवढा तरी विचार व्हावा.

७. सिग्नल नसताना ड्रायव्हरने गाडी पुढे का नेली? चूक त्याचीच ना?

सांगितलं जातं ते असं: धनुष्कोडीच्या अलीकडे सिग्नल बंद होता. ड्रायव्हरने गाडी उभी केली, वाट पाहिली, मग लांब शिट्टी दिली आणि जोखीम घेऊन गाडी पुढे काढली. थोड्याच अंतरावर लाट आली.

गाडीतलं कुणीच वाचलं नाही, तेव्हा शिट्टीचा तपशील मी ऐकीव म्हणूनच सांगते. आणि चूक कुणाची हे ठरवण्याआधी प्रश्न १ मधली ती पट्टी पुन्हा डोळ्यापुढे आणा. दोन्ही अंगांना समुद्र, वर काळोख, तारा तुटलेल्या. थांबला असता तरी पाण्यातच थांबला असता. मागे जावं तर मागेही तीच वाळू. पुढे निदान स्टेशन होतं, पक्की इमारत होती, माणसं होती. त्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर पुढेच गेलो असतो, असं मला वाटतं.

८. इतक्या वाळूत रेल्वे नेलीच कशाला? तीर्थासाठी?

तीर्थासाठी नाही, सिलोनसाठी. साऊथ इंडियन रेल्वे कंपनीला मद्रास ते कोलंबो अशी सलग वाट हवी होती. त्याआधी लोक तुतिकोरिनला जाऊन तिथून आगबोटीने कोलंबो गाठत. २४ फेब्रुवारी १९१४ ला पांबनचा पूल सुरू झाला आणि वाट धनुष्कोडीवरून वळली. मद्रासहून रेल्वेने धनुष्कोडी, धक्क्यावरून आगबोटीने तलैमन्नार, तिथून पुन्हा रेल्वेने कोलंबो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर. 'आयर्विन' आणि 'गोशेन' या त्या मार्गावरच्या गाजलेल्या बोटी. गाडीला लोक 'बोट मेल' म्हणत. चेन्नईहून रामेश्वरला जाणारी एक गाडी आजही त्याच नावाने धावते, बोट कधीच बंद झाली तरी.

म्हणजे धनुष्कोडी हे आडगाव नव्हतं. सरहद्दीवरचं गजबजलेलं बंदर होतं, कस्टमची कचेरी होती, पोस्ट-तार होतं, हमालांची आणि व्यापाऱ्यांची वस्ती होती. पडक्या भिंती बघताना हे डोक्यात असलं तर त्या भिंती जरा वेगळ्या दिसतात.

९. मग रामेश्वरचं देऊळ कसं वाचलं?

पाणी देवळाच्या अलीकडे थांबलं. शेकडो लोकांनी त्या रात्री देवळात आसरा घेतला होता, ते वाचले. सिनेनट जेमिनी गणेशन आणि सावित्री हेही तेव्हा रामेश्वरात अडकले होते. भाविक याला देवाची कृपा म्हणतात, त्यावर मी वाद घालणार नाही. पण रामेश्वर गाव बेटाच्या रुंद भागात आहे आणि धनुष्कोडी शेपटीवर, हाही फरक आहे. धनुष्कोडीच्या वाटेवरचं कोदंडराम मंदिरही त्या वादळातून उभं राहिलं. बिभीषण रामाला शरण आला तो इथे, अशी श्रद्धा आहे. जाता-येता थांबावं असं ठिकाण.

१०. पांबनच्या पुलाचं काय झालं?

हा आपल्या लोकांनी जरूर वाचावा असा भाग. दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा पूल, १४५ गर्डर, त्यांतले १२६ वादळाने उखडून समुद्रात टाकले. जहाजं जाण्यासाठी मधोमध दोन पात्यांसारखा उघडणारा शर्झर स्पॅन होता, तो मात्र टिकला. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी ते तीनवर आणले, आणि काम सोपवलं बत्तिशीतल्या एका इंजिनिअरकडे: ई. श्रीधरन. होय, पुढे कोकण रेल्वे उभी करणारे तेच. समुद्रात पडलेले गर्डर शोधून, उचलून, पुन्हा जागेवर बसवून त्यांनी पूल ४६ दिवसांत चालू केला. कोकणातले बोगदे आणि पूल बघून ज्यांनी तोंडात बोटं घातली, त्यांनी या माणसाची पहिली मोठी कसोटी कुठे लागली होती हे लक्षात ठेवावं.

पूल दुरुस्त झाला तो रामेश्वरपुरता. धनुष्कोडीचा फाटा पुन्हा घातला गेला नाही. जुन्या पुलावर २००७ मध्ये ब्रॉडगेज आलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची वाहतूक कायमची थांबली. ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीच्या दिवशी, शेजारचा नवा पूल सुरू झाला. त्याचा मधला ७२.५ मीटरचा भाग लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. जुना स्पॅन माणसं हाताने दांडे फिरवून उघडत. शेजारचा मोटारींचा पूल वेगळा, तो १९८८ चा.

११. आज तिथे बघायला काय आहे? गाडीचे अवशेष दिसतात का?

गाडी दिसत नाही. डबे, इंजिन काहीही नाही. त्यासाठी कुणी गाइड पैसे मागत असेल तर देऊ नका.

दिसतं ते गाव. चर्चच्या भिंती सगळ्यात ठळक: छप्पर नाही, वेदीची कमान उभी. स्टेशनचे पडके खांब आणि भिंती आहेत, इंजिनांना पाणी देणाऱ्या टाकीचे अवशेष आहेत, पोस्टाच्या आणि शाळेच्या इमारतींचे सांगाडे आहेत. भिंतींजवळ जाऊन बांधकाम बघा. तो नेहमीचा दगड नव्हे, प्रवाळाचा आहे, चुन्यात बसवलेला. निरखून पाहिलं तर त्यात मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. समुद्रातून काढलेल्या दगडाने गाव बांधलं आणि समुद्रानेच ते परत नेलं, हे कुणी शब्दांत सांगायला लागत नाही, भिंतीला हात लावला की कळतं. हात लावा, पण नाव कोरू नका. "पप्पू लव्ह्ज पिंकी" तिथेही पोचलं आहे, आणि देवनागरीत आहे हे लिहायला लाज वाटते.

वादळात गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक शिळा उभारलेली आहे. बरेच लोक सेल्फीच्या घाईत तिच्यासमोरून निघून जातात.

१२. जायचं कसं? जीप लागते का?

पूर्वी लागायची. वाळूतून आणि पाण्यातून जाणाऱ्या व्हॅनची वर्णनं जुन्या प्रवासलेखांत वाचली असतील, ती आता विसरा. २०१७ च्या जुलैपासून मुकुंदरायर चत्रम ते अरिचलमुनै असा साडेनऊ किलोमीटरचा पक्का रस्ता झाला आहे. रामेश्वरहून सरकारी बस जाते, रिक्षा जाते, स्वतःची गाडी जाते. टोकाला सिंहमुद्रेचा स्तंभ आहे, तिथे वळसा घालून परत.

सकाळी लवकर निघा. ऊन दहानंतर सोसवत नाही आणि सावली जवळपास नाहीच. टोपी, पाणी, वृद्ध माणसं बरोबर असतील तर छत्री. संध्याकाळी पोलीस लोकांना परत पाठवतात, तेव्हा सूर्यास्त टोकावरूनच बघायचा हट्ट धरू नका. आणि पोहायचं नाही. दोन समुद्र भेटतात तिथली ओढ वरून दिसत नाही. पाय भिजवण्यापलीकडे पाण्यात जाऊ नये, मुलांना तर मुळीच सोडू नये.

'चत्रम' शब्दावर थोडं अवांतर. आपलं अन्नछत्र तेच हे. तंजावरच्या मराठे राजांनी रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी वाटेवर अशी चत्रमं बांधली होती. दुसऱ्या सरफोजींच्या काळातलं ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ चत्रम त्यांतलं नाव घेण्यासारखं.

१३. ते 'भुताचं गाव' आहे म्हणतात. रात्री थांबता येईल का?

थांबता येत नाही, राहायची सोय नाही (वेळेचं प्रश्न १२ मध्ये आलं आहे). आणि भुताचं म्हणाल, तर "ओसाड गाव" या अर्थाचा इंग्रजी शब्द कुणीतरी शब्दशः मराठीत आणला आणि व्हिडिओवाल्यांनी त्याला शेपूट लावलं. रात्री शिट्टी ऐकू येते वगैरे. जिथे शे-सव्वाशे माणसं बुडाली तिथे जाऊन किंकाळ्यांचं पार्श्वसंगीत लावणं मला तरी बरं वाटत नाही.

शिवाय गाव ओसाडही नाही. मच्छीमार कुटुंबं तिथे राहतात, झावळ्यांच्या झोपड्यांत. सरकारी कागदांत गाव राहण्यालायक नसलं तरी समुद्र त्यांचा पोशिंदा आहे. त्यांच्या झोपड्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, त्यांच्याकडचं शहाळं किंवा तळलेली मासळी घ्या.

एक गोष्ट त्यांना जरूर विचारा: पिण्याचं पाणी कुठून आणता? समुद्रापासून काही पावलांवर वाळूत हातभर खड्डा करतात आणि त्यात गोडं पाणी येतं. चमत्कार नव्हे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर तरंगत राहतं. खोल खणलं की खारं लागतं, म्हणून ते उथळच खणतात.

१४. टोकावरून श्रीलंका दिसते का? रामसेतू दिसतो का? बोट मिळते का?

श्रीलंकेचा किनारा टोकापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, नुसत्या डोळ्यांनी दिसेल ही आशा ठेवू नका. मोबाइलवर मात्र कधीकधी तिकडच्या नेटवर्कचा संदेश येतो, रोमिंग बंद ठेवा. रामसेतू म्हणजे टोकापुढे सुरू होणारी वाळूच्या बेटांची आणि उथळ पाण्याची रांग. उपग्रहाच्या चित्रात ती स्पष्ट दिसते, किनाऱ्यावर उभं राहून फक्त पाण्याचा रंग बदललेला जाणवतो.

बोट नाही. १९६४ नंतर तलैमन्नारची फेरी रामेश्वरहून सुटू लागली, १९८० च्या दशकात श्रीलंकेतल्या यादवीत तीही बंद पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिनम ते कांकेसंतुरै अशी प्रवासी बोट सुरू झाली, पण तो मार्ग पूर्ण वेगळा. मच्छीमारांच्या नावेतून "सेतूपर्यंत नेतो" असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी सीमा आहे.

हिवाळ्यात गेलात तर उथळ पाण्यात रोहित पक्षी दिसतील, उजनीला येतात तेच. जून २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने त्यांच्यासाठी इथे अभयारण्य जाहीर केलं.

१५. काशीला न्यायची सेतूची वाळू धनुष्कोडीचीच लागते का? अग्नितीर्थाची चालते का? आणि रेल्वे परत येणार का?

दोन प्रश्न एकत्र आले, कारण ते एकाच काकूंनी विचारले होते.

वाळूचं: रामेश्वरची वाळू प्रयागला आणि काशीची गंगा रामेश्वरला, ही आपल्याकडची जुनी रीत. नाथांनी कावडीतली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली ती याच वाटेवर. अनेक घराण्यांत सेतुस्नान आणि वाळू धनुष्कोडीचीच धरतात, काहींकडे देवळासमोरच्या अग्नितीर्थावर भागतं. तुमच्या घरची रीत तुमच्या उपाध्यायांना विचारा. रामेश्वरच्या देवळातले पुजारी मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मणच आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले, तेव्हा तिथेही विचारायला अडचण नाही. वाळू मूठभर घ्या, पिशवीभर नको. प्रवाळाचा तुकडा, जिवंत असो की मेलेला, उचलायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि "देवासाठी नेतोय" हे उत्तर चालत नाही.

रेल्वेचं: रामेश्वर–धनुष्कोडी मार्ग पुन्हा घालण्याची घोषणा झाली, १ मार्च २०१९ ला पायाभरणीही झाली. पर्यावरणाच्या आणि वाळूच्या भरवशाच्या मुद्द्यांवर विरोधही झाला. गाडी अजून जात नाही, तेव्हा तिकीट रामेश्वरपर्यंतच काढा.

१६. आमचे पणजोबा १९६४ च्या हिवाळ्यात रामेश्वरला गेले ते परतले नाहीत. ते त्या गाडीत होते असं घरात म्हणतात. नावांची यादी मिळेल का?

असं विचारणारी पत्रं मराठी घरांतूनही येतात, आणि प्रत्येकाला नीट उत्तर द्यायला हवं.

पॅसेंजर गाडीच्या तिकिटावर तेव्हा नाव नसायचं, आजही नसतं. गार्डाकडे आकडा असे, माणसं नसत. म्हणून ११० हा आकडा आहे पण ११० नावांची यादी नाही. कुणी पैसे घेऊन यादी देतो म्हणालं तर ती बनावट समजा.

तपासता येईल ते हे. आधी घरातली शेवटची खूण शोधा: पोस्टकार्ड, मनीऑर्डरची पावती, कुणाच्या वहीतली नोंद. त्यावरची तारीख आणि टपालाचा शिक्का बघा. पत्र २२ डिसेंबरनंतरचं असेल तर त्या गाडीचा प्रश्नच मिटतो. मग तुमच्या घराण्याचे रामेश्वरचे तीर्थोपाध्याय कोण, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांच्या वहीत त्या साली कोण आलं याची नोंद आहे का, ते पाहा. तिथे नाव असेल, तर निदान ते देवळापर्यंत पोचले होते, दर्शन झालं होतं, एवढं कळतं. देवळातून ते पुढे धनुष्कोडीला स्नानाला गेले असतील किंवा नसतील.

श्राद्धाच्या तिथीबद्दल विचारणारे बरेच असतात. २२ डिसेंबरची रात्र आणि २३ ची पहाट एकाच तिथीत येते की नाही, हे त्या वर्षीचं जुनं पंचांग काढून बघावं लागतं. कित्येक घरांनी हा घोळ न घालता सर्वपित्री धरली आहे. मागच्या वर्षी एका आजींनी कळवलं की त्यांच्या सासूबाई दर डिसेंबरात एक रात्र देवापुढचा दिवा विझू देत नसत आणि कारण कुणालाच सांगत नसत. रामेश्वरला जाऊन घरातलं कोण परतलं नव्हतं, हे या आजींना पोस्टकार्ड सापडल्यावर कळलं.